फुरसं की मांजऱ्या

डोंगरावर माणसाला खोटं बोलता येत नाही.

हे वाक्य आमच्या गिर्यारोहण संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत पहिल्या पानावर, मोठ्या टायपात, एकटंच छापलेलं आहे. खाली सह्याद्रीचं चित्र आहे. वाक्य माझं. एका जाहिरातदाराने आयत्या वेळी पान सोडलं, कोरं पान अपशकुनी दिसेल असं अध्यक्षांचं मत पडलं, म्हणून छापखान्यात उभ्याउभ्या मी ते लिहून दिलं. पुढे लोक ते भाषणांतून म्हणू लागले. संस्थेच्या टी-शर्टावरही आलं. मी जन्मभर गिरगावातल्या एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासण्याचं काम केलं. दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात हे वाक्य आलं असतं तर मी समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं.

तसा मीही डोंगरावर खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. मला जे माहीत नव्हतं ते मी माहीत असल्यासारखं सांगितलं, एवढंच. त्यात माझा मित्र गेला.

आमची ओळख दादरची. तिथल्या एका उडप्याच्या हॉटेलात दर गुरुवारी संध्याकाळी संस्थेची बैठक असायची. बैठक म्हणजे दोन टेबलं जोडून सात-आठ जण, आणि अध्यक्षांच्या समोर नेहमी एक पाण्याचा ग्लास, ज्यावर ते बोलण्यापूर्वी चमचा वाजवत. तो तिथे पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या शेजारी बसला. मी गिरगावचा म्हटल्यावर त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"गिरगावची माणसं डोंगर पुस्तकातून चढतात ना?"

"आणि लालबागची?"

"आमी लिफ्टने."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. हिंदमातेच्या साडीच्या दुकानांतल्या, परळच्या नव्या टॉवरांमधल्या, माहीमच्या जुन्या इमारतींमधल्या लोखंडी जाळीच्या. वडील गिरणीत होते, गिरणी गेली, वडीलही गेले, आणि तो लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत आईबरोबर राहायचा. दोर, कप्पी, वजन आणि पडण्याची शक्यता या चार गोष्टींचा विचार तो रोजच्या नोकरीतच करत असल्यामुळे कातळावर त्याला वेगळं काही शिकावं लागलं नाही. मी मात्र खरोखरच पुस्तकं वाचून आलो होतो. त्याने पहिल्याच मोहिमेत माझं नाव प्राध्यापक ठेवलं. मी कॉलेजात कधी शिकवलेलं नाही. सांगून बघितलं, उपयोग झाला नाही.

एकोणीस वर्षं आम्ही एका दोराच्या दोन टोकांना होतो. तो पुढे चढायचा, मी खाली उभा राहून दोर सांभाळायचो. या एवढ्या काळात सापांशी आमचा संबंध साधारण शेजाऱ्यांसारखा होता. ते आहेत हे ठाऊक असायचं, मधूनमधून जिन्यात गाठ पडायची, आणि दोन्ही बाजूंना शक्यतो बोलणं टाळायचं असायचं. एकदा कारवीच्या रानात पायवाटेवर घोणस बसली होती, जाड, सुस्त, कुकरच्या शिटीआधी येतो तसा आवाज काढत. तो जागेवर थांबला, म्हणाला, "चालू द्या तुमचं," आणि आम्ही वीस पावलं वळसा घालून गेलो. एका पावसाळ्यात त्याने आधारासाठी धरलेल्या फांदीवर, त्याच्या मुठीपासून वीतभर अंतरावर, हिरवागार विषारी चापडा अंग गुंडाळून बसला होता. ते त्याला फांदी सोडल्यावर कळलं. पुढचा तासभर तो कशालाच हात लावेना. एका लेण्यात नाग निघाला, आणि त्याच वेळी देवदर्शनाला आलेल्या मंडळींनी दारात उदबत्त्या पेटवून आरती सुरू केली. नागाला फक्त बाहेर जायचं होतं. आरती बरीच लांबली. त्याच्या फण्याचे फोटो निघाले आणि त्यावर नागराजांनी दर्शन दिलं असं लिहून ते फिरले. नागराज कंटाळले होते हे फोटोतही दिसतं.

कातळ चढताना आमची एक पद्धत होती. डोक्यावरच्या खाचेत किंवा टप्प्यावर नजर पोचायच्या आधी हात पोचतो. म्हणून हात घालण्यापूर्वी तिथे हातोडी दोनदा वाजवायची आणि तीन आकडे मोजायचे. आत कोणी असेल तर तेवढ्या वेळात वाट काढतो. तो याला बेल मारणं म्हणायचा. "दुसऱ्याच्या घरात शिरताना बेल मारायला नको काय?" असं नव्या पोरांना सांगायचा. तो ती नेहमी मारायचा. त्या दिवशीही मारली.

या सगळ्यातून मी सापांवर बोलायला लागलो. आधी संस्थेत, मग शाळांत, मग गणपतीच्या दिवसांत मंडळांमधून. लालबागच्या त्याच्या चाळीत पहिल्यांदा बोलावलं तेही त्यानेच. चौकात पडदा बांधला होता, माझ्या हातात लाल ठिपका टाकणारी कांडी होती. विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. बाकीचे बहुतेक निरुपद्रवी. माझी सर्वात आवडती स्लाइड फुरसं आणि निरुपद्रवी मांजऱ्या यांची होती, शेजारीशेजारी. दोघंही लहान, तपकिरी, पाठीवर पांढरट नक्षी. भले भले फसतात, असं मी म्हणायचो आणि मग फरक सांगायचो. फुरशाच्या डोक्यावर बाणासारखी खूण, खवले खरखरीत. मांजऱ्याचं अंग सडपातळ आणि गुळगुळीत, डोळे मोठे. पडद्यावर फरक अगदी स्पष्ट दिसायचा. पडद्यावर साप चार फूट रुंद असतो.

व्याख्यान संपल्यावर त्याची आई पुढे आली. पहिल्याच रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. लग्न होऊन लालबागला येईपर्यंतचं तिचं आयुष्य मालवणकडच्या एका खेड्यात गेलं होतं.

"चांगला बोललंस," ती म्हणाली. "पण फुरसा एवढा मोठा खंय असता? चपलेच्या पट्ट्याएवढा तर असता. आमच्या गावाक दगड उचललो की फुरसा."

"काकी, ते प्रोजेक्टरमुळे मोठं दिसतं," मी म्हणालो.

"आये, प्राध्यापकाच्या सापाक नावं ठेवू नको," तो मागून म्हणाला. "घरात नाय घेवचो आपल्याक."

ती हसली. तेव्हापासून मी तिच्या लेखी शिकलेला माणूस झालो. चाळीत कोणी फॉर्म भरायला अडलं, कोणाच्या औषधाच्या चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही, तर ती माझ्याकडे पाठवायची. मी त्या मानाला नको म्हटल्याचं मला आठवत नाही.

संस्थेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा अध्यक्षांच्या मनात आलं की एक अवघड सुळका चढून माथ्यावर संस्थेचा फलक धरून फोटो काढावा. फलक फ्लेक्सचा होता, त्यावर अध्यक्षांचा चेहरा सुळक्यापेक्षा मोठा होता. तो गुंडाळून माझ्या पाठपिशवीत आला. अध्यक्ष स्वतः पायथ्याशी दुर्बीण, वॉकीटॉकी आणि दहाबारा सभासद घेऊन बसले. वर आम्ही दोघंच.

थंडीचे दिवस होते. सकाळी कातळ गार असतो, आणि ऊन चढलं की जिथे ते आधी पडतं तिथे सगळ्यांनाच बसायला आवडतं. साडेदहाच्या सुमाराला तो माझ्यापेक्षा साठेक फूट वर होता. एका टप्प्याखाली पोचला, हातोडी काढली, दोनदा वाजवली. तीन आकडे मोजल्याचंही मला ऐकू आलं. मग त्याने वर हात घातला आणि एक ठसठशीत मालवणी शिवी दिली.

"काय झालं?"

"चावला."

"कोण?"

"थांब, नाव विचारतो."

त्याने हातोडीच्या दांड्याने काहीतरी झटकलं. ते माझ्या खांद्याजवळून खाली आलं, माझ्या टप्प्यावरच्या झुडपात अडकलं, दोनतीन सेकंद लोंबकळलं आणि कातळाच्या फटीत सरकलं. बारीक, तपकिरी, पाठीवर पांढरट काहीतरी. डोळे मला मोठे वाटले. फुरसं बेल मारल्यावर पळत नाही, ते आपल्या जागी बसून राहतं. हे मी कितीतरी वेळा वाचलं होतं.

"प्राध्यापक, कुठला रे?"

खरं उत्तर होतं, माहीत नाही. हे दोन शब्द मी तोवर कधी मोठ्याने उच्चारले असतील असं मला वाटत नाही. सापांबद्दल नाहीत आणि आणखी कशाबद्दलही नाहीत.

"मांजऱ्या," मी म्हणालो.

"नक्की?"

"डोळे बघितले मी. मोठे होते."

"आवाज करत होता रे. करवत घासल्यासारखा."

"मांजऱ्या शेपटी आपटतो. सुक्या गवतात तसा आवाज येतो."

हे खरं आहे. मांजऱ्या शेपटी आपटतो, सुक्या गवतात तसा आवाज येतो. अर्ध्या तासाने मी त्या टप्प्यावर पोचलो तेव्हा तिथे गवताची एक काडी नव्हती. नुसता तापलेला कातळ होता. मी तो बघितला, आणि बघितला नाही असं ठरवून पुढे गेलो.

पण ते अर्ध्या तासानंतरचं. चावल्यावर त्याने स्वतःला कातळात ठोकलेल्या खिळ्याला बांधून घेतलं आणि तो टप्प्यावर बसला. मग मला वरून त्याच्या बोलण्याचा आवाज आला. फोनवर होता. त्यात नवल नव्हतं. उंचावर रेंज मिळाली की तो आईला फोन करायचाच, जेवलीस काय वगैरे. शब्द ऐकू येत नव्हते, पण तो एकदा हसला. तेवढ्यात माझ्या छातीवरचा वॉकीटॉकी खरखरला. खालून अध्यक्ष होते.

"काय अडलंय? ऊन डोक्यावर आलं की फोटोत चेहरे काळे येतात हो."

"दहा मिनिटं," मी म्हणालो.

फोन संपला. वरून हाक आली.

"चढू की उतरू?"

"दुखतंय?"

"गांधीलमाशी चावल्यासारखं."

"तुझं तू बघ. मांजऱ्याच आहे पण."

त्याने टप्प्यावरून वाकून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा मी नंतर खूप विचार केला आहे. मग म्हणाला, "तू म्हणतोस तर मांजऱ्या," आणि उठून चढायला लागला.

पायथ्यावरून लांब भिंगाने काढलेला माथ्यावरचा फोटो संस्थेत अजून लावलेला आहे. फलकाचं एक टोक मी धरलंय, दुसरं त्याने. दोघंही हसतोय. त्याचा उजवा हात फलकाच्या मागे आहे, कारण तोवर तो मनगटापर्यंत सुजला होता आणि अध्यक्षांनी दुर्बिणीतून बघून चौकशी केली असती. उतरताना पहिल्या टप्प्यावर तो थुंकला. लाल होतं.

"पान कधी खाल्लंस?" मी विचारलं.

ती मी त्याच्याशी केलेली शेवटची मस्करी. त्याने तोंड उघडून दाखवलं. हिरड्यांतून रक्त येत होतं.

सुळका मध्येच सोडून देता येत नाही. जितका चढलो तितका उतरावाच लागतो, एकेक टप्पा, दोर लावत आणि काढत. पायथ्याशी पोचलो तेव्हा दातांच्या दोन बारीक खुणांतून रक्त येतच होतं, थांबायचं नाव नाही. आम्ही दोराची झोळी केली आणि त्याला गाडीरस्त्यापर्यंत नेलं. झोळीतून तो एकदा म्हणाला, "मेंटेनन्सवाल्याक बोलवा रे, लिफ्ट लय हलता." पोरं हसली. मलाही हसू आलं, आणि ते मला अजून माफ करता आलेलं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने विचारलं, "चावला किती वाजता?"

"साडेदहा."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मीही बघितलं. सव्वापाच वाजले होते. मग त्याने वेळ कागदावर लिहिली आणि सुई भरायला घेतली. तो त्याचा चांगुलपणा होता.

तिथून त्याला मुंबईला हलवलं, परळच्या मोठ्या रुग्णालयात, त्याच्या खोलीपासून चालत सात मिनिटांवर. नऊ दिवस. आधी रक्त थांबेना, ते थांबलं तर मूत्रपिंडं थांबली. त्याची आई रोज सकाळी डब्यात पेज घेऊन चालत यायची. तिसऱ्या दिवसानंतर त्याला तोंडाने काही देत नव्हते, हे तिला सांगितलेलं होतं. तरी ती आणायची. बाहेरच्या बाकावर डबा उघडायची आणि मला म्हणायची, "तू खा. थंड होता." मी खायचो. शेवटचे सहा दिवस त्याची पेज मी खाल्ली.

शोकसभा दादरच्या एका सभागृहात झाली. व्यासपीठामागे फलक होता, त्यावर त्याचा फोटो आणि शेजारी फणा काढलेला नाग. नाग फलक करणाऱ्याने आपल्या मनाने टाकला होता. नाग नव्हता म्हटल्यावर अध्यक्ष हळूच म्हणाले, "राहू दे हो आता. मृत्यूला एक उंची असावी." मग त्यांनी चमचा वाजवला, सवयीने, आणि बोलायला उभे राहिले. सह्याद्रीने आपल्या लाडक्या पुत्राला कुशीत घेतलं, असं ते म्हणाले. त्याची आई पहिल्या रांगेत होती. ती शेजारच्या बाईकडे वाकली आणि तिने विचारलं, "कोणी घेतल्यान म्हणतत?" माझं स्मरणिकेतलं वाक्यही दोघांनी म्हटलं. एकाने ते एका संताच्या नावावर घातलं. मी दुरुस्त केलं नाही. मीसुद्धा बोललो. सर्पदंश म्हणालो, दुर्दैव म्हणालो. कुठला साप असं कोणी मला विचारलं आणि मी काय म्हणालो, हे दोन्ही मी गाळलं. मुद्रितं तपासणाऱ्याला गाळायचं कसं हे चांगलं कळतं. जोड दिसता कामा नये.

त्यानंतर अडीच वर्षं मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लालबागला गेलो. ती पोहे करायची, मी खायचो. चाळीच्या नळाचं, शेजारच्या सुनेचं, गुडघ्यांचं बोलणं व्हायचं. प्रत्येक वेळी आज सांगायचं असं ठरवून मी जिना चढायचो, आणि प्रत्येक वेळी न सांगता उतरायचो. उतरताना पावलं मोकळी वाटायची. ती तशी वाटतात याची मला शरम वाटायची, पण ती रस्त्यावर येईपर्यंतच.

मग चाळ पाडायचं ठरलं. खोल्या रिकाम्या करायची नोटीस आली. नव्या इमारतीत घर मिळेल तेव्हा मिळेल, तोवर ती गावी भावाकडे जाणार होती, आणि त्या वयात गेलेलं माणूस परत येत नाही हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. ती गेली की हे सांगायचं राहून गेलं असतं. मी सुटलो असतो. ही कल्पना मला इतकी आवडली की मला स्वतःची भीती वाटली, आणि मी रविवारची वाट न बघता मधल्याच वारी, भर दुपारी, लालबागला गेलो.

मसाल्याचे दिवस होते. खाली डंखांच्या लोखंडी मुसळांखाली मिरच्या कुटल्या जात होत्या आणि सगळा जिना ठसक्याने भरला होता. त्या दिवसांत लालबागेत कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं तर कोणी कारण विचारत नाही. ती जमिनीवर बसून स्टीलच्या ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. कोपऱ्यात त्याचा दोर होता, नीट वेटोळं घातलेला, जसा तो ठेवायचा तसाच.

"बस," ती म्हणाली. "आज मधीच कसो?"

"काकी, एक सांगायचंय."

"सांग मरे."

मी सांगितलं. उभ्यानेच. साप मी बघितला होता. त्याने मला विचारलं होतं. मला कळलं नव्हतं आणि मी मांजऱ्या म्हणालो. ते फुरसं होतं. उतर म्हणालो असतो तर तो उतरला असता. एवढं सांगायला मिनिटसुद्धा लागलं नाही. अडीच वर्षं मी जे वाहत होतो ते इतकं कमी भरेल असं मला वाटलं नव्हतं.

तिने ताटली गुंडाळून पूर्ण केली आणि बाजूला ठेवली.

"फुरसा होता ता, माका ठावक आसा."

"कोणी सांगितलं? अध्यक्षांनी?"

"तो काय सांगतलो! झिलान सांगल्यान. थयसूनच फोन केल्यान माका."

मग ती बोलली, थांबत थांबत, माझ्याकडे न बघता. त्याने विचारलं होतं, "आये, फुरसा आवाज कसो करता गे?" ती म्हणाली होती, तापलेल्या तव्यार पाणी मारल्यासारखो. त्याने विचारलं होतं, केवढा असता. ती म्हणाली होती, चपलेच्या पट्ट्याएवढा. तुका कित्याक होयो, असं तिने विचारलं, तेव्हा तो हसला होता. "पैज लागली हा. प्राध्यापक म्हणता मांजऱ्या."

मी खाली ऐकलेलं हसू ते.

"मगे मी काय म्हटलंय, ठावक आसा?" तिने दुसरी ताटली घेतली, पण गुंडाळली नाही. ती नुसतीच हातात धरून राहिली. "मी म्हटलंय, तो म्हणता तर तसाच आसतला. तो शिकलेलो. पडद्यार दाखयता. मी अडाणी बाई, माका काय कळता?"

खाली डंख पडत होते. त्यांच्या प्रत्येक ठोक्याने खोलीतली भांडी बारीक थरथरत होती.

"तू इलंस की माका वाटायचा, आज हो इचारतलो," ती म्हणाली. "फोनार काय सांगलास म्हणून. दर म्हयन्याक वाटायचा."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. अडीच वर्षं एका खोलीत दोन माणसं एकमेकांना भिऊन पोहे खात होती. तो टप्प्यावर बसला होता तेव्हा त्याच्या एका कानाला त्याची आई होती, जिने तो साप लहानपणापासून दगडाखाली बघितला होता, आणि खाली साठ फुटांवर मी होतो, ज्याने तो पडद्यावर बघितला होता. त्याने दोघांना विचारलं. दोघांनी माझं नाव सांगितलं.

"काकी, तुमचं बरोबर होतं," मी म्हणालो. याहून वाईट वाक्य मला त्या वेळी सापडलं नाही.

"बरोबर आसान काय उपयोग," ती म्हणाली.

मग तिने माझ्यापुढे वर्तमानपत्रांचा गठ्ठा सरकवला आणि आम्ही दोघांनी उरलेली भांडी बांधली. दोर नेशील काय असं तिने विचारलं. मी नाही म्हणालो. मग तो गावी विहिरीवर चालेल असं ती म्हणाली, आणि तो तिने ट्रंकेत वरच्या बाजूला ठेवला. चार दिवसांनी मी तिला गाडीत बसवून दिलं. गाडी सुटताना तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्या गालावरून फिरवला, तिच्या मुलाच्या गालावरून फिरवायची तसा.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही, आणि आता सांगणार नाही. माझ्या व्याख्यानाला एक शेवटची स्लाइड होती. ती मंडळांमध्ये कधी दाखवून झाली नाही, कारण तोपर्यंत प्रसादाची रांग लागलेली असायची. तिच्यावर दोनच ओळी होत्या. दवाखान्यात जी लस देतात ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच असते. साप कुठला हे ओळखत बसायची गरज नसते.